जाऊन राहिला, जाऊन राहिली

डोंगरकडा गावच्या धनगर घरातला मसाजी वसमतच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर झाला, तेव्हा त्याच्या घरात सही करता येणारं दुसरं कोणी नव्हतं. राज्य निजामाचं. शाळा उर्दूतून चाले, पोरं घरी मराठी बोलत, आणि इंग्रजी शिकायची ती उर्दूच्या आडून. मसाजीही तसाच शिकला होता, नियम पाठ करून.

पोरं एका जागी हमखास अडकत. ‘तो गेला का?’ याचं इंग्रजी विचारलं की सगळा वर्ग म्हणे, ‘डिड ही वेन्ट?’ मसाजी सांगे, डिड हे इमदादी फेल, म्हणजे मदतीचं क्रियापद. ते आलं की वेन्ट नको, गो हवं. का नको, हे मात्र त्याला सांगता येत नसे. मग छडी उठे, आणि घरी आल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटे.

एका सकाळी तो शाळेच्या घाईत होता. चुलीपासून त्याची बायको नर्मदाबाई म्हणाली, “मी भाकरी करून राहिले, लेकरू रडून राहिलं. जरा घ्या न्हाई का त्याला.”

मसाजीनं लेकराला उचललं आणि तसाच उभा राहिला. करून राहिले. रडून राहिलं. इथं कोणी कुठं राहत नव्हतं. ‘राहणं’ नुसतं मदतीला आलं होतं, आणि बदलत होतं तेवढं तेच.

त्या दिवशी त्यानं वर्गात विचारलं, “जाऊन राहिला, जाऊन राहिली, जाऊन राहिले. यात काय बदललं?”

“राहिला,” पोरं म्हणाली.

“अन् जाऊन?”

“ते हाय तसंच.”

“बराबर. डिडचं बी तसंच. गेल्या काळाचं ओझं डिडनं उचललं. मंग गोनं ते पुन्हा काहून उचलायचं?”

मागच्या बाकावरचा दगडोबा सावकाश म्हणाला, “म्हंजे वेन्ट म्हटलं तर एकच ओझं दोघांच्या डोक्यावर.”

त्यानंतर छडीची गरज क्वचितच पडली.

पुढच्या वर्षी तपासनीस आले. वर्गानं उत्तरं बिनचूक दिली. ‘डज शी गो’ मध्ये गोज का नाही, असं त्यांनी विचारलं, तेव्हा दगडोबानं उठून सगळं समजावलं, पण मराठीत. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मसाजीकडे वळून म्हणाले, “मास्टर, बात सही है. मगर तालीम उर्दू में होनी चाहिए.”

उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला. कळमनुरीकडच्या एका खेड्यात, जिथं इंग्रजी नव्हतीच.

“लई वाईट वाटून राहिलं का?” गाडीत सामान चढवताना नर्मदाबाईनं विचारलं.

“व्हय. शिकवायचं कसं, ते आत्ता कुठं कळलं होतं.”

त्या गावात त्यानं बरीच वर्षं बाराखडी आणि पाढे शिकवले. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं आणि थंडीच्या दिवसांत त्याला वसमतला परत बोलावलं. आता मराठीतून शिकवायला कोणाची हरकत नव्हती. पुण्याकडून आलेल्या नव्या मुख्याध्यापकांनी त्याचा तास ऐकला आणि नंतर सौम्यपणे म्हणाले, “मसाजीराव, ‘जाऊन राहिला’ नको. शुद्ध सांगा, ‘जात आहे’.”

मसाजीनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. जात आहे, जात आहेत, जात होता. इथंही ‘जात’ जागचं हलत नव्हतं.

“बरं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन्ही होती, वर ‘जाऊन राहिला’, खाली ‘जात आहे’. कोणतं उतरून घ्यायचं, असं पोरांनी विचारलं.

“परीक्षेत खालचं लिहा,” मसाजी म्हणाला. “इंग्रजी दोन्हीनं कळंल.”