नकाशातला पांढरा भाग

मला नकाशे आवडतात आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायला त्याहून जास्त आवडतं. पहिली गोष्ट मी लोकांना सांगतो, दुसरी माझी बायको सांगते. दोन वर्षांपूर्वी हॅम्बर्गमध्ये या दोन्ही आवडी एकत्र आल्या. तेव्हा माझ्या हातून जे घडलं ते मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

मुलगी नववीत होती. इतिहासाच्या तासाला तिला रेफेराट द्यायचा होता, म्हणजे वर्गासमोर उभं राहून स्लाइड्स दाखवत वीस मिनिटं बोलायचं. विषय होता स्वतंत्र अमेरिकेची पहिली साठ वर्षं. ते नवं राष्ट्र पश्चिमेकडे कसं पसरलं, आणि त्यावरून कोण कोणाशी भांडलं. तीन आठवडे पोरगी लायब्ररीत जात होती. जेवताना आम्ही मराठीत विचारायचो आणि ती जर्मनमध्ये सांगायची, ही आमच्या घरची रीतच आहे.

एका संध्याकाळी ती चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांबद्दल सांगत होती. त्यांनी स्वतःची लिपी केली, वर्तमानपत्र काढलं, राज्यघटनासुद्धा लिहिली. जमीन सोडून चालते व्हा म्हटल्यावर ते कोर्टात गेले.

"आणि बाबा, सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले!"

"मग झालं की."

"नाइन," तिने नकारार्थी मान हलवली. "जिंकल्यावरही त्यांना हाकललंच."

तिच्या ताटातली पोळी तशीच गार झाली होती. शेजारच्या गल्लीत गेल्या आठवड्यात कुणाला घराबाहेर काढलं असावं, तशी ती बोलत होती. मी म्हटलं, "ते ठीक आहे, पण नकाशा कुठाय तुझ्याकडे? विस्तार म्हटलं की नकाशा पाहिजे."

मला तो सगळा भाग रडगाणं वाटला, हे कबूल करतो. मी मराठी माणूस. राज्य पसरलं म्हटलं की मला अटकेपार झेंडे आठवतात आणि छाती आपोआप फुगते. त्या झेंड्यांच्या वाटेत कोणाची शेतं होती, हे मला शाळेत कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

शिवाय आमच्या लहानपणी प्रोजेक्ट हा आईवडिलांचाच असायचा. सातवीत असताना माझा थर्माकोलचा किल्ला वडिलांनी दोन दिवस रजा काढून केला होता. मी फक्त वर झेंडा टोचला. पहिलं बक्षीस मला मिळालं आणि बाईंनी अभिनंदन वडिलांचं केलं. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

रविवारी दुपारी पोरगी हँडबॉलला गेली. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता.

"अहो, तिचं तिला करू द्या," बायको म्हणाली. "विचारलंय का तिला?"

"जरा फॉरमॅटिंग बघतो फक्त."

मी विमानांच्या केबिनची डिझाइन्स करतो. रेघ वाकडी दिसली की माझा हात शिवशिवतो. आधी अक्षरं सारखी केली, मग रंग बदलले, आणि मग नकाशा करायला घेतला. पूर्वेच्या किनाऱ्यावर तेरा निळी राज्यं, आणि दर क्लिकला तो निळा रंग पुढे सरकायचा. फ्रान्सकडून विकत घेतलेला तो अवाढव्य पट्टा एका क्लिकमध्ये निळा झाला तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो. निळा पोचला नव्हता तिथे पांढरं ठेवलं. नकाशाला जागा हवी होती, म्हणून चेरोकींच्या तीन स्लाइड्स काढल्या. नव्या कापसाच्या जमिनीवर गुलामांना कसं नेलं, ती चौथीही काढली.

जागा हवी होती हे खरं, पण ते पूर्ण कारण नव्हतं. जर्मन वर्गात आपली सावळी पोरगी उभी राहून गोऱ्यांनी काय काय केलं याचा पाढा वाचणार, आणि इतिहासाच्या बाईंना ते रुचलं नाही तर? परक्या देशात आपण गोड बोलावं, अशी माझी समजूत. वीस वर्षं मी ऑफिसात तेच करत आलोय. त्या दिवशी ते मी तिच्या वतीनेही करून टाकलं.

सकाळी नाश्त्याला मी म्हटलं, "जरा पॉलिश केलंय, मस्त झालंय." तिने तोंडात टोस्ट धरून मान हलवली आणि बससाठी पळाली.

इथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे सपशेल नापास. तिला चार मिळाले.

दुपारी आल्यावर ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे, जर्मनमध्येच, सगळं सांगत गेली. स्लाइड्स पुढे सरकल्या आणि तिच्या हातातल्या टिपणांशी जुळणारं मागे पडद्यावर काहीच उरलं नाही. मग वर्गातल्या एका मुलीने विचारलं, या पांढऱ्या भागात कोण राहत होतं?

"मला उत्तर येत होतं, बाबा. पण माझ्याच नकाशात तिथे कोणी नव्हतं. मी नुसतीच उभी राहिले."

"अगं, मग बाबांनी बदललं म्हणून सांगायचंस ना!"

तिने खांदे उडवले. "सगळे तुला हसले असते."

पुढच्या आठवड्यात बाईंनी मला आणि मुलीला बोलावलं. बाई साधारण माझ्याच वयाच्या, बोलणं अगदी मऊ. त्यांनी लॅपटॉपवर नकाशा दाखवला. हे फार सफाईदार आहे, म्हणाल्या, पण तीन आठवडे ती माझ्याशी ज्याबद्दल बोलत होती, त्यातलं यात काहीच नाही. घरी कुणी मदत केली असेल तर निःसंकोच सांगा. मी मार्क रद्द करीन आणि ती तिचा रेफेराट पुन्हा देईल.

दार सताड उघडं ठेवलं होतं हो बाईंनी. मी फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

माझ्या डोक्यात तेव्हा मुलगी नव्हतीच. डोक्यात होतं की ही बाई आता मला त्या नेहमीच्या परदेशी बापांत जमा करणार. मार्कांसाठी हपापलेला, इथले नियम न कळणारा. मी हसलो आणि म्हणालो, "नाही नाही, तिने सगळं एकटीने केलंय. मी बघितलंसुद्धा नाही."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. तिने टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

घरी येताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. पुढच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसली असती, तर मला ते सोपं गेलं असतं. पंचेचाळीस वर्षांचा घोडा मी, आणि चौदा वर्षांच्या पोरीने मला पाठीशी घातलं होतं. लाज वाटते हे म्हणायलासुद्धा हिंमत लागते.

बायकोला सांगायला मला दोन दिवस लागले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मला काय सांगताय? बाईंना लिहा."

लिहिलं. तासभर घालवून एक सभ्य ईमेल तयार केली. सादरीकरणाबद्दल थोडा गैरसमज झाला, काही भाग नजरचुकीने राहून गेला, कन्येस पुन्हा संधी मिळाल्यास आभारी राहीन. माझं जर्मन मुलगी नेहमी तपासते, म्हणून लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

तिने बराच वेळ वाचलं. मग टाइप करायला लागली. चुका काढतेय असं मला वाटलं. तिने बोलावल्यावर बघितलं, तर माझ्या मजकुरातलं वरचं 'आदरणीय बाई' आणि खालचं माझं नाव एवढंच उरलं होतं. मध्ये दोनच वाक्यं होती. माझ्या मुलीच्या चार स्लाइड्स मी तिला न विचारता काढून टाकल्या. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो, आणि ती शेजारी बसून ऐकत होती.

"श्टिम्ट दास?" तिने विचारलं. मग तेच मराठीत म्हणाली, "बाबा, बरोबर आहे का हे?"

"हो."

"मग तूच पाठव," ती म्हणाली आणि उठून तिच्या खोलीत गेली.