पाणी, तेल नाही

शुद्धलेखनात चुका असतील, अक्षरही कोंबडीच्या पायांसारखं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी आधीच माफी मागते. आमचे हे तोफखान्यात हवालदार होते. ते नोकरीतलं काही लिहिणार नाहीत. म्हणून त्यांनी सांगितलेलं आणि मी पाहिलेलं लिहून ठेवते.

ह्यांची पोस्टिंग डोंगरातल्या चौकीवर होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सज्ज उभं राहायचं, मग तोफेची सफाई, मग गोळ्यांची तपासणी. एक दिवस धुराचा गोळा हाताळताना फुटला. त्यात पांढरा फॉस्फरस असतो. दिसायला मेणासारखा. काडेपेटीच्या पट्टीवर तांबडा असतो, तो ह्याचाच भाऊ, पण गरीब. पांढऱ्याला काडी लागत नाही. हवा लागली की पेटतो. नायक दशरथच्या मांडीत त्याचे तुकडे घुसले. पाणी मारलं, विझलं. मलम लावून पट्टी बांधली. पट्टी वाळली आणि मांडी तंबूत परत पेटली. दशरथ वाचला नाही. हे एवढंच सांगतात.

रिटायर होऊन हे गावी आले. गाव नगरजवळ, लष्कर तोफांचा सराव करतं त्या फायरिंग रेंजला लागून. माझा दीर तुकाराम रेंजमध्ये चोरून भंगार वेचायचा. दोघा भावांचं पटत नव्हतं. एका सकाळी त्यानं ओढ्याच्या गाळातून तडकलेला गोळा आणला. गोळ्याला तांब्याचं कडं असतं, भंगारात त्यालाच भाव. चिरेतून धूर, लसणासारखा वास. ह्यांनी तो ओल्या पोत्यात धरून जनावरांच्या हौदात बुडवला.

"हात लावायचा न्हाई. मी पोलिसांना घेऊन येतो."

"अन् त्याचं तांब्याचं कडं? ते काय पोलिसांच्या बायकूला?"

"वला हाय तवर गप हाय. वाळला की पेटंल."

"तुझी मिल्ट्री तिकडं संपली, दादा. पेन्शन खा अन् गप बस."

हे मोटारसायकलवर गेले. मी गोठ्यात शेण काढत होते. तुकारामनं गोळा हौदातून काढून उन्हात ठेवला आणि कड्यावर छिन्नी मारली. भस्सकन आवाज झाला. पांढऱ्या धुरानं अंगण भरलं, घसा सोलून निघाला. तुकारामचं पोट आणि मांड्या पेटल्या होत्या. मी बादल्या ओतल्या, ओलं गोणपाट टाकलं. सासूबाई खोबरेल तेलाची बाटली घेऊन धावल्या. आमच्याकडे भाजलं की आधी तेल. मी ह्यांना फोन लावला.

"भाऊजी पेटले."

"पाणी मार. दवाखान्यापत्तुर वलं ठेव. तेल न्हाई. तेलात ते इरघळतं, कातड्यातनं आत जातं."

"आत्याबाईंनी तेल आणलंय."

"हिसकाव. ऑर्डर हाय."

मी सासूबाईंसमोर कधी मान वर केली नव्हती. त्यांचा हात पिरगाळला.

"सोड, सटवे! माझं लेकरू जळतंय!"

"तेल लावू द्यायची न्हाई."

टेम्पोत पाण्याचे हंडे घेतले. दवाखान्यापर्यंत गोणपाट भिजवत राहिले. परत पेटलं नाही. हे तिथं आले तेव्हा तुकाराम शुद्धीत होता.

"दादा, वाळू दिऊ नको."

"न्हाई देत."

तिसऱ्या दिवशी तो गेला. डॉक्टर म्हणाले, धूर छातीत शिरला होता.

सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. तेल लावू दिलं असतं तर वाचला असता, असं गल्लीभर सांगतात. ती बाटली त्यांनी देवळीत ठेवली आहे, मला दिसेल अशी.

दशरथ गेला त्या तारखेला हे दरवर्षी अंगणात सावधान उभे राहतात आणि त्याचं नाव घेतात. यंदा दोन नावं घेतली. दुसरं नाव ऐकून सासूबाई दार लोटायला उठल्या. कडीला हात लावून तशाच उंबऱ्यात उभ्या राहिल्या.