ज्याचं दुखणं, त्यालाच विचारा

त्या दुपारी नेरे गावात आमच्या मेडिकलच्या काउंटरवर मी पुस्तक वाचत बसलो होतो... आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नव्हता. आज जरा आहे, म्हणून लिहितोय. टाइप नात करतेय.

दुकान सुनेचं. डिग्री तिची, लायसन तिचं, मी सातवी शिकलेला माणूस नुसता गल्ल्यावर. तिचा एक हट्ट आहे... गोळी ज्याला घ्यायचीय, त्याच्याशी बोलल्याशिवाय द्यायची नाही. गिऱ्हाईक वैतागतं, पलीकडच्या दुकानात जातं आणि इकडे माझं बीपी वाढतं.

पुस्तक वरच्या खोलीतला भाडेकरू जाताना ठेवून गेलेला. अमेरिकेत पूर्वी माणसं गुलाम म्हणून विकत घ्यायचे, तशा एका बाईनं सुटका झाल्यावर स्वतःच लिहिलेली हकिगत, मराठीत केलेली. मी ओळीवर बोट ठेवून हळू वाचतो. ती सांगते, आजारी पडलं की मालक मुकादमाला विचारायचा, हिला काय झालंय? आणि ती तिथंच उभी असायची...

तेवढ्यात आमच्याकडे वीटभट्टीचा मुकादम आला. "आप्पा, कंबरदुखीच्या जोरदार गोळ्या द्या. उद्या ही बाई कामावर उभी ऱ्हायली पायजे." बाई बाहेर पायरीवर बसलेली. डोंगरातल्या कातकरी वाडीवरची, वयानं लहानच.

माझा हात सवयीनं कपाटाकडे गेला आणि अडकला. काय झालं कुणास ठाऊक... उठून बाहेर गेलो. "बाई, तुला काय होतंय?" तिनं आधी मुकादमाकडे बघितलं.

"तिला काय इचारताय? मी सांगतोय न्हवं!"

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. सुनेला हाक मारली. ती आली आणि सरळ त्या बाईशेजारी पायरीवर बसली. "आप्पा, तुम्ही यांना आत पाणी द्या."

मुकादम पाणी प्यायला आणि म्हणाला, "मेडिकल हाय का पोलीस चौकी?" हसावं की नाही, मला कळेना.

सून आत येऊन त्याला एवढंच म्हणाली, "या गोळ्या हिला चालणार नाहीत. आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्या." तो बाईला गाडीवर बसवून निघून गेला. मग सुनेनं मला सांगितलं... दुखणं कंबरेचं नव्हतंच, पोटात होतं. बाईला तिसरा महिना. काम जाईल म्हणून भट्टीवर कुणाला बोलली नव्हती.

पुढचे दिवस कसे काढले, माझं मला माहीत. दवाखान्यात नेलं असेल का परत भट्टीवर? दुसरीकडून त्याच गोळ्या घेतल्या असतील तर? पोटातल्या जिवाचं काय? पुस्तक त्याच पानावर पडून. संध्याकाळी फिरायच्या निमित्तानं भट्टीपर्यंत गेलो, आत जायचा धीर होईना, लांबून धूर बघून परत आलो.

सून म्हणाली, "आप्पा, तुमचीच गोळी चुकलीय का आज?"

काल दोघं आले. चिठ्ठी मुकादमाच्या हातात. मी बाईकडे बघून विचारलं, तर मुकादमानंच तोंड उघडलं, "हिला ना डॉक्टरनी..."

बाई पायरी चढून थेट काउंटरशी आली. "तुमी ऱ्हावा जरा. माजं मी सांगते."

आणि सांगितलं. दवाखान्यात मुकादमाला सगळं कळलं, पण काम गेलं नाही. पोटात दुखायचं थांबलंय, बाळ बरं आहे, पण लोहाच्या गोळीनं मळमळतं, ती कधी घ्यायची? सुनेनं तिच्याकडेच बघत सगळं समजावलं. मुकादम मला म्हणाला, "बघा आप्पा, बोलायला लावलंत. आता थांबती व्हय ही?" कितीतरी दिवसांनी मी मोकळा हसलो.

हे सगळं तिला विचारूनच लिहितोय. नाव मात्र नको म्हणाली.

पावसाळ्याच्या तोंडावर भट्टी बंद होईल, ती वाडीवर जाईल. तिथं दुखलंखुपलं तर विचारायला कोण, हा नवा घोर लागलाय मला... पण आज दुपारी पुस्तक पुन्हा उघडलं. त्यातली बाई अजून बोलतेच आहे. मी ओळीवर बोट ठेवून ऐकतोय.