चिंचवडच्या गोळ्या

"तू नुसती चहाला म्हणून ये," सबनीसकाकू फोनवर हळू आवाजात म्हणाल्या. "आणि बोलता बोलता प्लॅनचा विषय काढ."

"काकू, नेमकं तेच मला करता येत नाही."

"का बरं? तुझं कामच ते आहे ना?"

काम तेच आहे. ॲरिझोनात, चँडलरला, मी लोकांना मेडिकेअरचे प्लॅन निवडायला मदत करते. मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा. तो थेट सरकारकडून घेता येतो, नाहीतर खाजगी कंपनीच्या प्लॅनमधून. या दुसऱ्या प्रकाराला ॲडव्हान्टेज म्हणतात. प्लॅन बदलायचा मोठा हंगाम दिवाळीच्या आसपास असतो. ॲडव्हान्टेजवाल्यांना वर्षाच्या सुरुवातीला आणखी एक संधी मिळते. ती ३१ मार्चला संपते. पण या दुसऱ्या संधीसाठी एजंटने आपणहून कुणाच्या मागे लागायचं नाही, असा नियम आहे. माणसाने विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमत नाही, हे इथल्या मराठी मंडळात कुणीही सांगेल.

काकूंचा फोन आला तेव्हा ३० मार्च होता.

सबनीसकाका इथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. हुशार माणूस. पण त्यांच्या बीपीच्या, शुगरच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या पुण्याहून यायच्या. पुतण्याचं, मंदारचं, चिंचवडला मेडिकल आहे. चँडलरमधून कुणीही पुण्याला निघालं की काकांचा फोन ठरलेला: येताना एवढ्या गोळ्या आणशील का? लोकही आणायचे, भाजणी आणि मेतकुटाच्या पाकिटांमध्ये खोचून. आमच्याकडे हे इतकं सर्रास चालतं, की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पुढची चूक त्यातूनच झाली. मेडिकेअरमध्ये औषधांचं कव्हरेज आपोआप मिळतंच असं नाही, ते निवडावं लागतं. काकांनी लॅपटॉपवर बसून स्वतःच एक ॲडव्हान्टेज प्लॅन घेतला. औषधांचं कव्हरेज नसलेला. मी तेव्हा बोलले होते. त्यावर काका म्हणाले, "माझं औषधांचं कव्हरेज चिंचवडला आहे." सगळे हसले. मीही हसले.

मार्चमध्ये काकांना रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, उपाय आहे. एक गोळी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू करायची. ती साध्या फार्मसीत मिळत नाही. दर महिन्याला रक्त तपासून एका खास फार्मसीतून घरी येते. किंमत अशी, की कव्हरेजशिवाय कुणी घेत नाही. ३१ मार्चपर्यंत प्लॅन बदलला, तर १ एप्रिलपासून कव्हरेज मिळणार होतं. ती तारीख हुकली तर थेट पुढच्या जानेवारीत. तोवर कॅन्सर थोडाच थांबणार होता.

"काका काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, मंदारला सांगितलंय. शनिवारी मंडळातल्या दात्यांच्या विहीणबाई पुण्याहून येतायत, त्यांच्याबरोबर पाठवेल."

मी कपाळावर हात मारला. काकूंना ते दिसलं नाही.

"काकू, काकांनी स्वतः विचारल्याशिवाय मी त्यांच्या प्लॅनबद्दल तोंड उघडू शकत नाही. ज्याचं त्याने विचारायचं, असं आहे ते."

"ज्याचं त्याने," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "बरं. उद्या दुपारी ये."

दुसऱ्या दिवशी गेले. काका सोफ्यावर बसले होते, उतरलेल्या चेहऱ्याने, पण दाढी वगैरे केलेली. चहा आला, चकल्या आल्या. काका बेसबॉलवर बोलले, उन्हाळा लवकर आल्याबद्दल बोलले. मी चकली खात होते. घड्याळ समोरच होतं. इतक्या वर्षांच्या ओळखीचा माणूस डोळ्यांदेखत संधी घालवतोय आणि आपण चकलीचं कौतुक करतोय, याचा मला संताप आला होता.

मग काकू माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "शुभदा, मला माझ्या प्लॅनबद्दल विचारायचंय."

"तुझा-माझा एकच आहे," काका म्हणाले.

"नाही काका," मी म्हटलं. "मेडिकेअरमध्ये फॅमिली प्लॅन नसतो. काकूंचा त्यांचा, तुमचा तुमचा. कंपनी एक असली तरी."

बोलायच्या आधी काकूंची टॅबलेटवर संमती घ्यावी लागते, कोणत्या विषयावर बोलायचं याची. काकूंनी बोटाने झोकात सही केली.

"मला उद्या यांच्यासारखं काही झालं, तर गोळीचं काय?" त्यांनी विचारलं.

"मंदार आहे ना," काका म्हणाले.

"बीपीची गोळी मंदारची घेईन. कॅन्सरची घेणार नाही. मागच्या वेळी दात्यांची बॅग विमान बदलताना दोहाला राहिली. भाजणी आठ दिवसांनी आली. थालीपीठं थांबली, हे थांबेल का?"

मी काकूंना सांगत गेले. औषधांचं कव्हरेज असलेले कोणते प्लॅन आहेत. आजार आहे म्हणून ॲडव्हान्टेज प्लॅन कुणाला नाही म्हणू शकत नाही. औषधांवर वर्षभरात आपल्या खिशातून जाणाऱ्या खर्चाला कमाल मर्यादा असते, तिच्यापुढे प्लॅन भरतो.

"कमाल मर्यादा?" काका पुढे सरकले. "कुठलंही औषध असलं तरी?"

"प्लॅनच्या यादीतलं असलं तर. पण काका, मी सध्या काकूंचं बोलतेय."

"समज, महिन्याला येणारी गोळी असली तर?"

"काकूंना तशी गोळी नाहीये."

काका चिडले. तीस वर्षं मीटिंगमध्ये प्रश्न विचारलेला माणूस, स्वतःच्या घरात त्याला कुणी प्रश्न विचारू देत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आणि माझं काय?"

"तुम्ही तुमच्या प्लॅनबद्दल विचारताय का काका?"

"विचारतोय. आता सांगशील का?"

काकू चहाचे कप उचलून आत गेल्या.

खरी धावपळ पुढेच होती. काकांनी संमतीची सही केली आणि दहा मिनिटांत एक प्लॅन पसंतही केला. त्यात जिमचं सदस्यत्व फुकट होतं. गोळी यादीत होती. कंपनीच्या वेबसाइटवर त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांचं नावही नेटवर्कमध्ये दिसत होतं. नेटवर्क म्हणजे तो प्लॅन स्वीकारणारे डॉक्टर. पण वेबसाइटवर मी कधी विसंबत नाही. डॉक्टरांच्या ऑफिसला फोन लावला. बराच वेळ होल्डवरचं पियानोचं संगीत ऐकलं. मग बिलिंगमधली बाई म्हणाली, "डॉक्टर त्या नेटवर्कमधून जानेवारीत बाहेर पडले. वेबसाइट अपडेट झाली नसेल."

म्हणजे गोळी मिळाली असती, पण ती लिहून देणारे डॉक्टर हातचे गेले असते.

मी दुसऱ्या प्लॅनचं नाव सांगितलं. "बघते," ती म्हणाली आणि फोन कट झाला. परत लावला. ऑफिस पाचला बंद होतं आणि पाच वाजायला फार वेळ उरला नव्हता. काका पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "शुभदा, नाही लागला फोन तर?"

"लागेल," मी म्हटलं. खात्री मलाही नव्हती.

लागला. तीच बाई होती. "हो, हा प्लॅन आम्ही घेतो. हॉस्पिटलसुद्धा." मी तिला दोनदा म्हणायला लावलं.

गोळी त्या प्लॅनच्या यादीत होतीच. आता फक्त सही. तर काका अटी वाचायला बसले, पहिल्या पानापासून.

"अहो, करा सही," काकू म्हणाल्या.

"वाचल्याशिवाय सही करू नये."

"मागच्या वेळी वाचलं होतंत ना? काय उपयोग झाला?"

काकांनी सही केली. मागोमाग काकूंनीही, स्वतःच्या प्लॅनवर. अर्ज पोचल्याचा मेसेज आला तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. मी उरलेल्या सगळ्या चकल्या संपवल्या.

पुढे सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. अशा औषधाला प्लॅनची आधी मंजुरी लागते. डॉक्टरांना रिपोर्ट पाठवावे लागले, आणि मी रोज फोन करत राहिले. औषधांचं कव्हरेज उशिरा घेतल्याचा थोडा दंड दर महिन्याला भरावा लागतो, कायमचा. त्यावर काका अजून कुरकुरतात. पण डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीत खोका घरी आला. काकांनी मला फोन करून सांगितलं, "गोळी आली. आतली माहिती वाचली, इंग्रजी बरं आहे." मग एकदम म्हणाले, "मला भीती वाटत होती गं." मी म्हटलं, "मलाही."

विहीणबाई शनिवारी ठरल्याप्रमाणे आल्या. त्यांच्या बॅगेतून भाजणी आली आणि बीपीच्या गोळ्या आल्या. मंदारने कॅन्सरची गोळी पाठवलीच नव्हती. त्याने सोबत चिठ्ठी दिली होती, की काका, हे मी करणार नाही, तिथल्या डॉक्टरांचं ऐका.

काकांच्या आजाराला उतार पडला आहे. मंडळाच्या कार्यक्रमात काकू भेटल्या तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?"

"तूच म्हणालीस, ज्याचं त्याने विचारायचं. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, माझं मी विचारायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

तेव्हापासून जोडपं समोर बसलं, की पहिला प्रश्न मी बायकोला विचारते. नवऱ्याचे प्रश्न त्यानंतर आपोआप येतात.