ताईपुरता थांबलेला शनी

माझे भाऊजी सुतार. उभा जन्म दारं बसवण्यात गेला. भिंतीवरचा फोटो तसूभर कलला, तरी यांच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हातारपणी परसात दुर्बीण मांडली, तीही लेव्हल लावून, अगदी ओळंब्यात. दुर्बिणीखाली बसवायची तिरकी बैठक दुकानदाराने दिली होती. वेज म्हणतात तिला. ती यांनी अडगळीत टाकली. म्हणे, "वाकडी वस्तू माझ्या परसात नको!"

ताईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, अर्धं अंग लुळं पडलेलं. खुर्चीतून उठून, भाऊजींच्या खांद्यावर भार टाकून, वाकून भिंगाला डोळा लावेपर्यंत तिचा जीव मेटाकुटीला यायचा. पृथ्वी फिरत राहते, तेवढ्यात शनी भिंगातून निसटलेला असायचा. तरी ताई म्हणायची, "दिसला हो! कडं काय सुंदर आहे!" की भाऊजींची छाती फुगलीच.

एका संध्याकाळी ती असंच म्हणाली आणि मला दिसलं, नळीच्या तोंडावरचं झाकण काढलेलंच नाही. मी फिसकन हसले आणि लगेच जीभ चावली. भाऊजींनीही पाहिलं होतं. त्यांनी झाकण गुपचूप खिशात टाकलं. "दमलीस, चल आत," एवढंच म्हणाले. मला दोघांचीही फार कणव आली.

दुसऱ्या दिवशी वेज अडगळीतून बाहेर आली. दुर्बिणीला मोटर होती, पण तिचा फिरायचा कणा वेजवर कलता करून ध्रुवाच्या दिशेने रोखल्याशिवाय ती तारा धरून ठेवू शकत नव्हती. भाऊजींनी होकायंत्र लावून उत्तर ठरवली. शनी निसटलाच. होकायंत्राची उत्तर आणि ध्रुवाची उत्तर एक नसते, हे तेव्हा कळलं. मग ध्रुवच नळीत घेतला. एक स्क्रू वर-खाली करायचा, दुसरा डावीकडे-उजवीकडे. पुढे एखादा तारा भिंगातल्या फुलीवर धरायचा, सरकला की स्क्रू इवलासा पिळायचा आणि पुन्हा बघत बसायचं. ताई आतून ओरडायची, "अहो, जेवण निवतंय!" इकडे हे आपलं स्क्रूशी भांडताहेत. एकदा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "माझ्या सरळपणापायी तिचे किती दिवस गेले गं."

शेवटी तारा फुलीवर ठाण मांडून बसला. त्यांनी शनी लावला, मोटर चालू केली आणि ताईला हाक मारली. ती उठली, मध्येच थांबून दम खाल्ला, मग वाकली. मी झाकण कुठे आहे ते आधी पाहून घेतलं.

या वेळी ताईचं सुंदर नाही की छान नाही. तिने भिंगावरून डोळा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"अहो, अजून तिथेच आहे!" ती म्हणाली. मग हळूच, "खरं सांगू? याआधी मला कधीच..."

"ठाऊक आहे," भाऊजी म्हणाले. "बघ तू. घाई नाही."