आईच्या वाढदिवसाचा कॉबलर

माझे बाबा निवृत्त होईपर्यंत मँगनीजच्या खाणीत सुरुंग लावायचे. नाकाडोंगरीच्या आमच्या घरी ते स्वयंपाकघरात जायचे ते फक्त माठातलं पाणी प्यायला, आणि तेही आई घरी नसली तर. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी गेले असताना त्यांनी सकाळी चहा पिता पिता जे जाहीर केलं, ते ऐकून आईनं बशी खाली ठेवली.

"उद्या तुया वाढदिवस आहे. मी केक करणार हावो."

"काहून?" आई म्हणाली. "तब्येत बरी नाही काय तुमची?"

उद्या म्हणजे एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या वर्गाला दिलेली तारीख, तीच आईच्या आधारकार्डावर आली. आईच्या मते तिचा जन्म रोवण्यातला, धान लावायच्या दिवसांतला. बाबांना ते मान्य नव्हतं. "सरकारी कागदावर जे आहे थे खरं," असं म्हणून त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

मोबाईलमध्ये एक पांढऱ्या मिश्यांचा गोरा म्हातारा आपल्या बायकोसाठी काहीतरी भाजत होता. तो केक नव्हता, कॉबलर नावाचा फळांचा गोड पदार्थ होता. बाबांना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला होता की म्हाताऱ्याच्या हातवाऱ्यांवरून त्यांना निम्मी कृती पाठ झाली होती. उरलेली मी मराठीत सांगितली. आधी भांड्यात लोणी वितळवायचं. त्यावर मैदा, साखर आणि दुधाचं पातळ पीठ ओतायचं. त्यावर फळांच्या फोडी ठेवायच्या आणि अजिबात ढवळायचं नाही. भाजताना पीठ आपोआप फळांच्या वर येतं.

"खालचं वर येते?" बाबांचे डोळे चमकले. "हे तं आमचंच काम व्हय."

"फळ पीच आहे बाबा."

"तुमसरच्या बाजारात भेटते काय?"

"नाही."

"मंग आंबा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पहिलं काम केलं ते आईला घराबाहेर काढण्याचं. सुरुंग लावताना माणसं लांब पाठवायची सवय ती. आई शेजारच्या काकूंच्या ओट्यावर जाऊन बसली. पण तो ओटा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार पावलांवर.

ओव्हन घरात होता. माझ्या लग्नात दोन आले होते, त्यातला एक मी आईला दिला होता. तिनं तो एकदाही तापवला नव्हता. त्याच्या पोटात वीजबिलं, सातबारा आणि बाबांच्या पेन्शनचे कागद होते, कारण त्यात उंदीर शिरत नाही. ते सगळं बाहेर काढून पलंगावर मांडलं, तर पलंग भरला.

मग आंबे. आमच्याकडचे गावरान आंबे चोखायचे. त्यांच्या फोडी होत नाहीत. बाबांनी विळीवर पहिला आंबा कापला, तर हातात रेषा आणि कोय राहिली आणि रस कोपरापर्यंत गेला. दुसऱ्याचं तेच. म्हाताऱ्याच्या भांड्यात कशा चंद्रकोरीसारख्या फोडी होत्या!

"त्याचे आंबे बिनारेशाचे आहेत," बाबा रागानं म्हणाले.

"ते आंबे नाहीत बाबा."

शेवटी जिथं गर निघाला तिथला चमच्यानं काढला. कोया वाया जाऊ नयेत म्हणून बाबा प्रत्येक कोय चोखून टाकत होते. सहाव्या कोयीपर्यंत त्यांचं बनियान पिवळं झालं होतं.

लोण्याऐवजी तूप घ्यायचं ठरलं. बाबांनी बरणी उचलली आणि उपडी केली. तूप गरम झालं तसा वास खिडकीबाहेर गेला आणि लगेच ओट्यावरून आवाज आला, "किती तूप टाकलं वं तुया बाबानं?"

"थोडंसं!" मी ओरडले.

"अर्धी बरणी गेली!" आई काकूंना म्हणाली. तिला वासावरून माप कळतं.

तुपावर पीठ आणि गर घालून तो बुटका जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, ओव्हनमध्ये ठेवला, काच लावली, बटण फिरवलं. आतल्या दांड्या लाल झाल्या. बाबांनी खुर्ची ओढली आणि ओव्हनसमोर असे बसले, जणू आत सामना सुरू आहे. "मागं सरक," ते मला म्हणाले. मी सरकले. दहा मिनिटांनी पिठाच्या कडेला पहिला बुडबुडा आला. "पाय, पाय, येऊन राहिलं वर!" आणि तेवढ्यात पंखा थांबला. ओव्हनच्या लाल दांड्या हळूहळू काळ्या पडल्या.

लाईन गेली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात ती गेली की परत यायची वेळ तिची तीच ठरवते.

बाबा तसेच खुर्चीवर बसून राहिले. अर्ध्या तासानं त्यांनी काच उघडली, पिठात बोट घातलं आणि पुन्हा लावली. मला त्यांच्याकडे बघवेना. खाणीत इतकी वर्षं दगड फोडलेला माणूस एका गंजापुढे हात मांडीवर ठेवून बसला होता.

दारात आई उभी होती. "आना इकडं. रोडग्यावानी भाजू."

आमच्याकडे कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात आणि गल्लीत आईसारखे कोणाचे होत नाहीत. पण बाबा गंज सोडेनात.

"तू हात नाही लावाचा. तुया वाढदिवस आहे."

"मंग फेकता काय?"

शेवटी मी तोड काढली. मागच्या आंगणात आईला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. ती सांगणार आणि बाबा करणार. इतकी वर्षं उलटं चाललं होतं, त्यामुळे दोघांनाही ते जड गेलं. आईचे हात सारखे खुर्चीवरून उठत होते.

"गोवऱ्या उभ्या रचा. अवो, उभ्या! थे बारूद नाही, दाबून काय भरून राहिले?"

"मले इस्तो पेटवणं शिकवते काय तू?"

"पेटवणं येते तुमाले. थांबणं नाही येत."

गोवऱ्या जळून निखारे झाले. मधे जागा करून बाबांनी गंज ठेवला, वर परात झाकली आणि परातीवरही चिमट्यानं निखारे मांडले. धुरानं त्यांचे डोळे लाल झाले. मोबाईलमध्ये त्यांनी चाळीस मिनिटांचा गजर लावला.

अर्धा तास झाला असेल. आई एकदम ताठ बसली. "काढा."

"दहा मिनिटं बाकी आहेत."

"वास बदलला. काढा."

"त्या माणसानं चाळीस सांगितले."

"तो माणूस आला होता काय माह्या आंगनात?"

बाबा अडून बसले. पाच मिनिटांनी वासाला करपट धार आली तेव्हा मात्र ते स्वतःच धावले आणि गंज काढताना त्यांनी चिमटा विसरून फडकंच जाळलं.

परात उचलली. पीठ खरंच वर आलं होतं. बदामी, फुगलेलं, मधेमधे फाटून केशरी रस उकळत होता. आम्ही तिघंही वाकून पाहत राहिलो. काकू कुंपणावरून पाहत होत्या. बूड मात्र कोळसा झालं होतं.

आमच्या घरात आई नेहमी सगळ्यांच्या शेवटी जेवते. त्या दिवशी बाबांनी पहिली वाटी तिच्या हातात दिली. ती तिनं माझ्यापुढे केली. मी घेतली नाही. काकूंपुढे केली, त्यांनीही घेतली नाही. मग ती चमचा धरून तशीच बसली.

"असे पाहून नका राहू ना माह्या तोंडाकडं," ती बाबांना म्हणाली.

बाबा खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पिवळं बनियान, हातात जळकं फडकं. आम्हाला फक्त चमच्याचा आवाज येत होता.

"कसं झालं?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

 आईनं वाटी चाटूनपुसून संपवली आणि पुढे केली. "बुडाचं द्या थोडं. खरपूस आहे."

बाबा वळले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की काकूंना हसू आवरेना. मग आम्हीही खाल्लं. गोड जास्त झालं होतं, आंब्याच्या रेषा दातांत अडकत होत्या, आणि तरीही गंज रिकामा व्हायला वेळ लागला नाही. एक वाटी काकूंनी घरी नेली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या तीन बायका आईला विचारून गेल्या की तुमच्या माणसाला काय झालं.

जळका गंज घासायला कोणी पुढे आलं नाही. तो दोन दिवस पाण्यात भिजत पडला आणि शेवटी मीच राखेनं घासला. बाबा बाजूला उभे राहून सांगत होते, बुडाच्या कडेला आणखी थोडं घास म्हणून.