फुआतिनोचा शुक्रवार

पागो पागोच्या मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं डबे भरणाऱ्या फुआतिनोला दोघांची भीती वाटे, देवाची आणि विमानाची. देवाची जरा कमीच. माहेर शेजारच्या देशात, अपियाजवळच्या गावात, मधे नुसता समुद्र. विमान अर्ध्या-पाऊण तासात पोचवतं, पण ही जायची बोटीनं, रात्रभर ओकत. लोक हसायचे. हसणाऱ्यांच्या पोटात कुठे गोळा यायचा!

त्या जानेवारीत तिचा धाकटा भाऊ लोतो अचानक गेला. भाच्याचा, ताविताचा, फोन आला. “आत्या, शनिवारी सकाळी मूठमाती देणार. बोट तोवर नाही. या वेळी तरी विमानानं ये गं, नाहीतर बाबांचं तोंड दिसायचं नाही.”

“येते रे राजा,” ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बोटीचं वेळापत्रक पुन्हा एकदा पाहून आली.

गुरुवारी ती विमानतळावर गेली. बगलेत भावाच्या मयताला रीतीनं द्यायची मऊ विणीची चटई. खिडकीवरच्या पोऱ्यानं, विमानात भार किती होतो ते पाहायला, तिला चटईसकट वजनकाट्यावर उभं केलं. काटा पार पलीकडे गेला. बाहेर ते एवढंसं विमान उभं होतं आणि वैमानिक स्वतःच फडक्यानं काच पुसत होता. फुआतिनो काट्यावरून खाली उतरली.

“आज नको. उद्याचं दे.”

“जशी मर्जी, मावशी. पण विमान उद्याही हेच असणार हं!”

तिनं मनाशी हिशेब केला. माती शनिवारी, रस्ता अर्ध्या तासाचा. शुक्रवारी गेलं तरी अख्खी रात्र भावापाशी बसता येईल.

शुक्रवारी दुपारी ती चढली. विमान उडालं तशी तिनं डोळे मिटले आणि शेजारच्या मुलीचा हात असा आवळला की ती ओरडलीच. खाली समुद्र, वर ढग, मधे हे खडखडणारं पत्र्याचं डबडं.

“घाबरू नका, मावशी. पोचलोच. उद्या चर्चमध्ये देवाचे आभार माना.”

“उद्या शनिवार आहे, बाई.”

“पागोत शनिवार. अपियात उद्या रविवार. विसरलात?”

गेलं वर्ष संपता संपता अपियाच्या सरकारनं, व्यापाराच्या सोयीसाठी तारीखरेषेच्या पलीकडे जायला, कॅलेंडरातून एक शुक्रवार उडवला होता. तिथली माणसं गुरुवारी झोपली ती शनिवारी उठली. पागो पागो होतं तिथंच राहिलं, एक दिवस मागं. साऱ्या कारखान्यानं त्यावर चेष्टा केली होती, फुआतिनोनंही. पण तीस वर्षं दोन्हीकडे एकच वार पाहिलेल्या डोक्यात ते मुरलंच नव्हतं.

“म्हणजे तिथं आत्ता शनिवार दुपार?” तिनं विचारलं. विमान खड्ड्यात पडल्यासारखं खाली आलं. तिला कळलंही नाही. आता एकच भीती उरली होती, माती होऊन गेल्याची, आणि तिच्यापुढे विमान काहीच नव्हतं.

तिकडच्या रीतीप्रमाणे घरासमोर अंगणातच लोतोला पुरलं होतं. थडग्यावरचं सिमेंट ओलं होतं. तावितानं तिला पाहिलं आणि तो चपापला.

“आत्या, काल विमानतळावर तुझी वाट पाहिली. आज सकाळीही माणसं थांबायला तयार होती. मीच म्हटलं, झाका आता. आत्या घाबरते, ती काही यायची नाही.”

ओल्या सिमेंटशेजारी चटई पसरून फुआतिनो खाली बसली.

“लोतो,” ती म्हणाली, “मी आले रे. विमानानं आले.”